इन्स्टॉलेशन दरवेळी वेगळ्या टक्क्यावर थांबते: दोष ड्रायव्हरचा की हार्डवेअरचा?

कोरी पाटी (प्रश्न)

नमस्कार. त्रिमितीय आराखडे काढण्याचे एक मोठे सॉफ्टवेअर मी गेले आठ दिवस माझ्या डेस्कटॉप संगणकावर बसवण्याचा प्रयत्न करत आहे. इन्स्टॉलरची एकच फाइल असून ती सुमारे १८ जीबीची आहे. पहिल्यांदा काम ३७ टक्क्यांवर थांबले आणि ‘फाइल खराब आहे’ असा संदेश आला. डाउनलोड अपुरे राहिले असावे असे समजून मी पूर्ण फाइल पुन्हा उतरवून घेतली, तेव्हा ते ६२ टक्क्यांवर थांबले. तिसऱ्या वेळी १४, चौथ्या वेळी थेट ८८. एकदा तर मध्येच निळा पडदा येऊन संगणक स्वतःच रीस्टार्ट झाला.

याच काळात ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर) टाकायला घेतला, तर तोही अर्ध्यावर बंद पडला. तेव्हापासून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळे चिन्ह दिसते आणि ‘कोड ४३’ अशी नोंद येते. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला तरी तेच.

संगणकाची माहिती अशी: विंडोज ११, एनव्हीएमई एसएसडी, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, आणि ३२ जीबी डीडीआर४ रॅम. आधी १६ जीबी होती. गेल्या महिन्यात त्याच मॉडेलच्या ८ जीबीच्या आणखी दोन पट्ट्या बसवल्या. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, टेम्प फोल्डर रिकामे केले, इन्स्टॉलर ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवला. एसएसडीवर ३०० जीबी जागा शिल्लक आहे. एरवीचे काम, म्हणजे ब्राउझर, ईमेल, चित्रपट पाहणे, अगदी सुरळीत चालते. म्हणूनच दोष हार्डवेअरचा असेल असे मला वाटत नाही. आता विंडोज नव्याने टाकावे, की आधी ड्रायव्हरचा प्रश्न सोडवावा?

सावकाश

कोड ४३ चा अर्थ इतकाच, की त्या उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवले. कारण ड्रायव्हर असू शकते, कार्डही असू शकते. पण ड्रायव्हर अर्धवट बसलेला आहे हे आपणच सांगितले आहे, त्यामुळे मी तिथूनच सुरुवात करीन.

‘काढून पुन्हा टाकला’ असे आपण लिहिले आहे, पण तो खरोखर निघाला होता का, ही शंका आहे. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत ‘ड्रायव्हर स्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. डिव्हाइस मॅनेजरमधून उपकरण काढताना ड्रायव्हरही पुसून टाकण्याच्या चौकटीत खूण केली नाही, तर पुढच्या रीस्टार्टला तीच जुनी प्रत निमूटपणे परत बसते आणि आपल्याला वाटते की आपण नवे काही केले. म्हणून आधी इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या वेळात स्वतःच एखादा ड्रायव्हर आणून बसवते. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालते त्या अवस्थेत, जा, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या साधनाने ग्राफिक्सचे सर्व अवशेष काढा, रीस्टार्ट करा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरते, त्यामुळे तिथे पडदा दिसणार नाही अशी भीती नको.

एक लहानशी गोष्ट: अशा चाचण्यांच्या वेळी ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करू नका, ‘रीस्टार्ट’च करा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची (म्हणजे स्वतःच्या गाभ्याची) आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, म्हणजे सुरुवात कोऱ्या अवस्थेतून होतच नाही.

चिमटा

सावकाश यांनी सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण ती आत्ता करू नये असे माझे मत आहे. विंडोज नव्याने टाकण्याचा विचार तर पूर्ण बाजूला ठेवावा. कारण आपल्या प्रश्नातच आहे: ३७, ६२, १४, ८८.

सॉफ्टवेअरमधला दोष सहसा ठरावीक ठिकाणी भेटतो. डाउनलोड झालेली फाइल खरोखरच खराब असेल, तर तिच्यातला बिघडलेला भाग दरवेळी त्याच जागी असणार आणि इन्स्टॉलर दरवेळी तिथेच अडखळणार. ड्रायव्हर विसंगत असेल, एखादी लायब्ररी नसेल, परवानगी नाकारली जात असेल, तरीही थांबण्याची पायरी बहुधा बदलत नाही. एकच फाइल, एकच संगणक आणि तरीही दरवेळी ठिकाण वेगळे, असे झाले की संशय हार्डवेअरवर घ्यावा. त्यातही आधी रॅमवर, मग डिस्कवर, मग वीजपुरवठ्यावर. आपल्या बाबतीत रॅमच्या विरोधात आणखी एक पुरावा आहे, तो म्हणजे गेल्या महिन्यात आलेल्या दोन पट्ट्या.

एरवीचे काम सुरळीत चालते हा युक्तिवाद फसवा आहे. ३२ जीबी म्हणजे सुमारे २७,५०० कोटी बिट. ब्राउझर आणि ईमेल यांना त्यातला लहानसा भाग पुरतो. चित्रपटाच्या एखाद्या चौकटीत एक बिट उलटा झाला, तर एका ठिपक्याचा रंग क्षणभर बदलेल आणि तो आपल्याला दिसणारही नाही. इन्स्टॉलरचे तसे नसते. तो दाबून भरलेली माहिती डिस्कवरून मेमरीत घेतो, तिथे ती उलगडतो आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज, म्हणजे सीआरसी किंवा तत्सम पडताळणी, मूळ नोंदीशी जुळते का ते पाहतो. १८ जीबीमध्ये एक बिट चुकला तरी बेरीज जुळत नाही आणि तो ‘फाइल खराब आहे’ म्हणून थांबतो. वास्तविक फाइल चांगली असते. मेमरीत आलेली तिची प्रत बिघडलेली असते. संपूर्ण संगणकात खरे बोलणारा तोच एक आहे आणि आपण आठ दिवस त्यालाच दोष देत आहात.

हे पटत नसेल तर सिद्ध करून पाहा, खर्च काहीच नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये तिला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, इन्स्टॉलरच्या फाइलचे नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ असे दिले, की त्या फाइलची ६४ अक्षरांची ओळख मिळते. फाइलमध्ये बदल झाला नसेल तर ही ओळख कितीही वेळा काढली तरी तीच यायला हवी. ती पाच वेळा काढा, मात्र प्रत्येक वेळी आधी रीस्टार्ट करा. आपली रॅम ३२ जीबी आणि फाइल १८ जीबीची असल्यामुळे विंडोज पहिल्या वाचनानंतर ती मेमरीतच राखून ठेवू शकते. मग दुसऱ्या वेळी डिस्कवरून वाचन होतच नाही, आणि बिघडलेली तीच प्रत पुन्हा मोजली गेल्यामुळे उत्तर खोटेच पण सारखे येते. पाचांपैकी एक जरी ओळख वेगळी आली, तरी डाउनलोड, अँटिव्हायरस आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांना संशयातून मोकळे करायला हरकत नाही. सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने मूळ ओळख प्रसिद्ध केली असेल तर तिच्याशीही ताडून पाहा.

त्यानंतर ‘मेमटेस्ट८६’ हे मेमरी तपासणारे साधन पेनड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून सुरू करा. विंडोजमध्ये स्वतःची मेमरी चाचणी आहे, परंतु ती तुलनेने सौम्य असल्याने तिने ‘दोष नाही’ म्हटले तरी मी त्यावर विसंबत नाही. मेमटेस्टच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ३२ जीबीला त्यासाठी बरेच तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवणे सोयीचे. इथे एक-दोन चुका चालतील असा हिशेब नसतो. एक चूक दिसली तरी मेमरी नापास.

एक इशारा: हे सर्व होईपर्यंत ‘चेक डिस्क’सारखे डिस्क दुरुस्त करणारे काहीही चालवू नका. बिघडलेल्या मेमरीतून डिस्कच्या नोंदी वाचायच्या आणि ‘दुरुस्त’ करून परत लिहायच्या, म्हणजे चांगली वही चुकीच्या चष्म्याने तपासण्यासारखे आहे. विंडोज नव्याने टाकू नका म्हणतो तेही याच कारणाने. त्याच्याही हजारो फाइल याच मेमरीतून जाऊन डिस्कवर बसणार.

सावकाश

टक्के बदलतात याकडे माझे दुर्लक्ष झाले, हे मान्य करतो. चिमटा यांचा क्रम आधी पाळावा. माझी पद्धत नंतर लागेलच, कारण अर्धवट बसलेला ड्रायव्हर रॅम सुधारल्याने आपोआप पूर्ण होणार नाही.

कोरी पाटी

चार दिवसांनी लिहीत आहे. पाच वेळा ओळख काढली; तीन सारख्या आल्या, दुसरी आणि पाचवी वेगळ्या, आणि त्या दोन एकमेकींशीही जुळत नव्हत्या. उतरवलेल्या त्या एकाच फाइलच्या तीन निरनिराळ्या ओळखी पाहून मी थक्क झालो.

मेमटेस्टमध्ये दुसऱ्याच फेरीत लाल ओळी दिसू लागल्या. मग मी नव्या दोन पट्ट्या काढल्या आणि फक्त जुन्यांवर चाचणी घेतली. चारही फेऱ्या निर्दोष. नव्या पट्ट्या सदोष निघाल्या असे समजून त्या परत करणार होतो, पण खात्रीसाठी फक्त नव्या दोन बसवून पाहिल्या, तर त्याही निर्दोष! चारही एकत्र बसवल्या की पुन्हा चुका. आता दोष नेमका कोणाचा समजायचा? मदरबोर्डचे स्लॉट खराब असतील का? पट्ट्या ३२०० वेगाच्या आहेत आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवण्याची सोय, चालू आहे.

चिमटा

आपण नव्या पट्ट्या वेगळ्या तपासल्या हे फार चांगले केले. बहुतेक जण इथे चांगल्या पट्ट्या परत पाठवतात आणि बदलून आलेल्यांवरही तोच त्रास भोगतात.

दोष कोणत्याही एका पट्टीचा नसावा. चौघींना मिळून त्या वेगाने चालवण्याचा असावा. पाकिटावर ३२०० लिहिलेले असले, तरी अशा अनेक पट्ट्या बायोसच्या मूळ सेटिंगमध्ये २१३३, २४०० किंवा २६६६ वेगाने आणि १.२ व्होल्टवर चालतात. एक्सएमपी चालू केले की पट्टीत साठवलेली वेगवान सेटिंग लागू होते, आणि डीडीआर४ मध्ये त्यासाठी बहुधा १.३५ व्होल्ट दिले जातात. निर्मात्याने ही सेटिंग एका पाकिटातल्या दोन पट्ट्यांसाठी तपासलेली असते. दोन वेगळी पाकिटे एकत्र चालतील असे आश्वासन त्यात नसते, मॉडेल क्रमांक तोच असला तरीही. कारण आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. शिवाय सर्वसाधारण डेस्कटॉपमध्ये मेमरीच्या दोन वाहिन्या, म्हणजे तिला प्रोसेसरशी जोडणारे दोन मार्ग, असतात. चार पट्ट्या म्हणजे प्रत्येक वाहिनीवर दोन, आणि तेवढा विद्युतभार वाढला की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला वरच्या वेगाने संकेत स्वच्छ ठेवणे कठीण जाते. प्रोसेसरचे निर्मातेही वाहिनीवर दोन पट्ट्या असताना कमी कमाल वेग सांगतात तो याचमुळे.

चारही पट्ट्या बसवून एक्सएमपी बंद करा आणि मेमटेस्टच्या चार फेऱ्या घ्या. निर्दोष आल्या तर वेग हाताने २६६६ किंवा २९३३ ठेवून पुन्हा तपासा. एक्सएमपी बंद करूनही चुका आल्या तरच स्लॉटकडे वळा. तेव्हा एकच पट्टी घेऊन ती प्रत्येक स्लॉटमध्ये आलटून पालटून तपासावी. दोनच पट्ट्या वापरायचे ठरले, तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. पट्ट्या हाताळण्यापूर्वी वीज पूर्ण तोडून, पॉवरचे बटण एकदा दाबून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायला विसरू नका.

उंबरठा

याच चर्चेत माझी अडचण मांडतो, वेगळा धागा काढण्याइतकी ती मोठी नाही. माझ्याकडे यूएसबीने जोडण्याचे जुने ध्वनिमुद्रण उपकरण आहे. त्याचे सॉफ्टवेअर बसवताना सर्व पायऱ्या होतात, पण शेवटी ‘ड्रायव्हर बसवत आहे’ या पायरीवर ते अपयशी ठरते, दरवेळी तिथेच. वरील चर्चा वाचून मीही मेमटेस्ट लावणार होतो.

सावकाश

आपल्याला त्याची गरज दिसत नाही. दरवेळी तीच पायरी, म्हणजे कारण स्थिर आहे आणि त्याची लेखी नोंदही मिळेल. विंडोजच्या ‘आयएनएफ’ फोल्डरमध्ये ‘सेटअपएपीआय डेव्ह’ नावाची नोंदवही असते. ती नोटपॅडमध्ये उघडून ज्या ओळींच्या सुरुवातीला तीन उद्गारचिन्हे आहेत त्या शोधा. चुका त्यांच्यात असतात.

जुन्या उपकरणांत दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. ६४ बिट विंडोज स्वाक्षरी नसलेला कर्नल ड्रायव्हर चालवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५२ दिसला तर हेच समजावे. दुसरे म्हणजे ‘मेमरी इंटेग्रिटी’. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी आणि त्यात कोअर आयसोलेशन उघडले की ही सोय दिसते. ती चालू असताना काही जुने ड्रायव्हर अडवले जातात, आणि त्यांच्यामुळे ती चालू होत नसेल तर विंडोज त्यांची नावेही दाखवते. ती बंद करून काम होईल, पण एका जुन्या उपकरणासाठी संपूर्ण संगणकाचे संरक्षण कमी करणे मला योग्य वाटत नाही. आधी निर्मात्याचा नवा ड्रायव्हर शोधा. तो नसेल, तर ते उपकरण विंडोजच्या स्वतःच्या सर्वसाधारण यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर चालते का ते पाहा. अनेक उपकरणे चालतात, आणि तशी चालताना हरवते ते बहुधा निर्मात्याचे नियंत्रण पॅनेल आणि कमी विलंबाची सोय.

उंबरठा

नोंदवहीत तीन उद्गारचिन्हांच्या ओळी सापडल्या, आणि तक्रार स्वाक्षरीचीच होती. सर्वसाधारण ड्रायव्हरवर उपकरण चालू झाले आहे. आभार.

कोरी पाटी

एक्सएमपी बंद करून चारही पट्ट्या तपासल्या. चार फेऱ्यांत एकही चूक नाही. २६६६ वरही निर्दोष. २९३३ वर तिसऱ्या फेरीत एक चूक आली, म्हणून २६६६ वर स्थिरावलो आहे. इन्स्टॉलरच्या फाइलची ओळख आता पाचही वेळा सारखी येते, आणि ती आधीच्या त्या तीन सारख्या ओळखींशी जुळते, म्हणजे फाइल सुरुवातीपासून चांगलीच होती. मात्र कोड ४३ अजून आहे. आता ड्रायव्हरकडे वळू का?

चिमटा

वळा, पण मध्ये एक पायरी आहे. महिनाभर बिघडलेल्या मेमरीतून विंडोजची अद्यतने बसत होती, त्यामुळे विंडोजच्या स्वतःच्या फाइलही तपासायला हव्यात. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘डिझम’ची ‘रिस्टोअर हेल्थ’ ही आज्ञा चालवा, मग ‘एसएफसी’ची ‘स्कॅन नाऊ’. क्रम हाच ठेवा. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेते तो साठा डिझम दुरुस्त करते, आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइल ती साधारणपणे विंडोज अपडेटकडून आणते, म्हणून तेवढ्या वेळेपुरते इंटरनेट जोडलेले असू द्या. त्यानंतर इंटरनेट तोडून सावकाश यांची पद्धत जशीच्या तशी वापरा. चेक डिस्क चालवायची असेल तर आता हरकत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गेल्या महिन्यात आपण या संगणकावरून ज्या फाइल इकडून तिकडे नकलल्या असतील, विशेषतः छायाचित्रे आणि बॅकअप, त्यांच्याही प्रती बिघडलेल्या असू शकतात. मूळ फाइल दुसरीकडे कुठे शिल्लक असतील तर त्या पुसण्यापूर्वी दोन्हींच्या ओळखी ताडून पाहा.

कोरी पाटी

सर्व पायऱ्या क्रमाने केल्या. एसएफसीने काही खराब फाइल सापडल्याचे आणि त्या दुरुस्त केल्याचे सांगितले. सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकल्यावर कोड ४३ गेला, आणि त्यानंतर ते १८ जीबीचे सॉफ्टवेअर पहिल्याच प्रयत्नात बसले. वेग ३२०० वरून २६६६ वर आणल्याचा फरक आराखडे काढताना मला तरी जाणवत नाही.

बॅकअपचा इशारा मात्र वेळेवर मिळाला. कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड मी अजून रिकामे केले नव्हते. त्यावरच्या आणि संगणकावरच्या छायाचित्रांच्या ओळखी ताडल्या, तेव्हा ६४० पैकी तीन जुळल्या नाहीत. त्यातल्या दोन उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा दिसतो; तिसऱ्यात डोळ्यांना काहीच वावगे दिसत नाही. तिन्ही कार्डावरून पुन्हा नकलून घेतल्या आहेत.